कुलपाला करमाफी; पण किल्ली कुणाकडे?

सरकार कोणत्या वस्तूवर कर बसवतं आणि कोणत्या वस्तूवरचा उठवतं, यावरून त्या मुलखातल्या घरांचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. कुंकू आणि काचेच्या बांगड्या मात्र करमुक्त होत्या. त्यावर देशभरातल्या बायकांनी आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा कर काढावा लागला. तेव्हापासून कराच्या याद्यांकडे आपणही जरा डोळसपणे बघायला लागलो, नाही का?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची अशीच एक यादी माझ्या वाचनात आली. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे काही नव्या वस्तूंवरचा विक्रीकर माफ झाला. त्या वस्तू कोणत्या म्हणाल, तर बंदूक ठेवायची तिजोरी, पिस्तूल ठेवायची कुलपाची पेटी, बंदुकीच्या चापाला लावायचं कुलूप, नळीत बसवायचं कुलूप आणि बंदूक सुरक्षितपणे कशी हाताळावी हे शिकवणारी पुस्तकं. आपण डाळ-तांदुळाच्या करावर वाद घालतो, आणि तिकडे बंदुकीच्या कुलपावर कर असावा की नसावा यावर विधिमंडळात मतदान होतं! पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं, की ज्या घरात बंदूक आहे आणि लेकरूही आहे, त्या घरातल्या आईला यात हसण्यासारखं काहीच नाही.

आणि हा विषय वाटतो तितका दूरचाही नाही. आज आपल्या गावातल्या कुठल्याही आळीत चार घरांमागे एका घराचं कुणी ना कुणी अमेरिकेत असतं. कुणाची लेक न्यू जर्सीत, कुणाचा भाचा डॅलसला, कुणाची जाऊ मिशिगनमध्ये. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने जाऊन राहणाऱ्या आज्या तर आता नव्यानवलाईच्या राहिल्या नाहीत. जाताना त्या मेथीचे लाडू, डिंक, बाळाची दुपटी, सगळं आठवणीनं नेतात. पण ज्या देशात आपण जातोय तिथे दर दहांपैकी साधारण चार मोठी माणसं बंदूक असलेल्या घरात राहतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तिकडचा विक्रीकर कसा असतो?

मी शाळेत आठवड्यातून चार दिवस इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हे जरा फळ्यावर मांडल्यासारखं सांगते. आपल्याकडे पाकिटावर जी किंमत छापलेली असते तिच्यात कर आलेलाच असतो. अमेरिकेत तसं नाही. फळीवरच्या चिठ्ठीवर ४० डॉलर लिहिलेले असतील, तर गल्ल्यावर पैसे देताना त्यावर कर चढतो. नवीन गेलेल्या माणसाची पहिल्या महिन्यात हमखास फसगत होते ती इथेच.

दुसरं म्हणजे, आपल्या जीएसटीसारखा सगळ्या देशाचा एक विक्रीकर तिथे नाही. प्रत्येक राज्य आपापला कर ठरवतं, आणि त्यावर शहर किंवा जिल्हा आपली थोडी भर घालतो. टेक्सास राज्याचा कर शेकडा सव्वासहा, आणि स्थानिक कर जास्तीत जास्त दोन. म्हणजे बहुतेक मोठ्या शहरांत शेकडा सव्वाआठ. ओरेगन, मॉन्टाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का या पाच राज्यांत राज्याचा विक्रीकरच नाही. त्यामुळे “अमेरिकेत बंदुकीच्या तिजोरीवर कर माफ आहे” असं सरसकट वाक्य कुणी सांगितलं तर विचारावं, “कुठल्या राज्यात?”

कुठे, कधी माफ झाला?

वॉशिंग्टन राज्यानं (राजधानीचं शहर नव्हे, सिॲटल ज्यात आहे ते राज्य) १९९८ सालीच बंदुकीच्या तिजोरीवरचा विक्रीकर उठवला. त्यांच्या कायद्यातली व्याख्या मला आवडली. बंदूक ठेवण्यासाठी मुद्दाम बनवलेली किंवा बदलून घेतलेली बंदिस्त जागा, जिला कुलूप आहे, आणि कुलूप लावल्यावर जिच्यातली बंदूक परक्याला वापरता येत नाही, ती तिजोरी. म्हणजे नुसतं कपाट चालणार नाही. कुलूप हवं, आणि ते कामाचं हवं. न्यू जर्सी, जिथे आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येनं आहेत, तिथेही चापाची कुलपं आणि बंदुकीच्या तिजोऱ्या विक्रीकरातून वगळलेल्या आहेत.

टेनेसी राज्याची कहाणी दुःखाची आहे. २७ मार्च २०२३ ला नॅशव्हिल शहरातल्या एका प्राथमिक शाळेत गोळीबार होऊन तीन लहान मुलं आणि तीन मोठी माणसं गेली. आया रस्त्यावर आल्या, विधिमंडळाच्या पायऱ्यांवर बसल्या. ऑगस्टमध्ये खास अधिवेशन भरलं. त्यातून जे थोडके कायदे बाहेर पडले, त्यातला एक म्हणजे बंदुकीच्या तिजोऱ्या आणि कुलपांवरचा विक्रीकर कायमचा माफ करणं आणि सरकारी खात्यातर्फे लोकांना कुलपं फुकट देणं. ज्या आया बंदुकांवर बंधनं मागायला आल्या होत्या, त्यांच्या हाती करमाफी पडली. त्याच राज्यात एरवी पीठ-भाजीपाल्यावर मात्र राज्याचा शेकडा चार कर होता, हेही इथे नोंदवून ठेवायला हवं.

मिशिगननं २०२३ मध्ये दोन्ही पावलं बरोबर उचलली. बंदुकीच्या सुरक्षा-साधनांवरचा सहा टक्के कर काही मुदतीपुरता माफ केला, आणि त्याचबरोबर कायदाच केला, की ज्या घरात अल्पवयीन मूल असतं किंवा येण्याजाण्याचा संभव असतो, तिथे बंदूक कुलपातच राहिली पाहिजे. हा कायदा १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. व्हर्जिनियानं तिसराच रस्ता धरला. तिथे तिजोरी किंवा कुलपाची पेटी घेणाऱ्याला २०२३ या वर्षापासून आयकरात ३०० डॉलरपर्यंत सूट ठेवली.

टेक्सासनं हा मार्ग का निवडला असेल, ते समजायला फार राजकारण कळावं लागत नाही. ज्या १ सप्टेंबर २०२१ ला कुलपावरचा कर गेला, त्याच दिवशी तिथे आणखी एक कायदा लागू झाला: २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगून फिरण्याची मुभा. एका हातानं परवान्याची अट सैल केली आणि दुसऱ्या हातानं कुलूप स्वस्त केलं. कर माफ करण्यात कुणावर सक्ती नसते, म्हणून कुणी रागावत नाही. सासूबाई म्हणतात तसं, “कुणाला दुखवायचं नसलं की माणूस साखर वाटतो.”

ही साधनं असतात तरी कशी?

आपल्यातल्या बहुतेकींनी बंदूक जवळून पाहिलेली नसते, म्हणून थोडक्यात सांगते.

तारेचं कुलूप: सायकलीला लावतो तसंच, प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार आणि तिला कुलूप. ही तार बंदुकीच्या आतून ओवतात, म्हणजे बंदूक बंदच होत नाही आणि तिच्यात गोळी भरता येत नाही. सगळ्यात स्वस्त साधन हेच. पुष्कळदा ते फुकटही मिळतं.

चापाचं कुलूप: दोन बाजूंनी चिमट्यासारखं बसतं आणि चाप झाकून टाकतं. हे लावण्याआधी बंदूक रिकामी केलेली असलीच पाहिजे. भरलेल्या बंदुकीला ते लावू नये, असं तज्ज्ञ बजावून सांगतात.

कुलपाची पेटी: आपल्या डब्याएवढी, एखाद-दुसरं पिस्तूल मावेल इतकी. आकड्यांची कळ किंवा बोटाचा ठसा यावर उघडते.

तिजोरी: गोदरेजच्या कपाटासारखी जड, जमिनीला किंवा भिंतीला बोल्टानं पक्की करायची. लांब नळीच्या बंदुका यात उभ्या राहतात.

आता हिशेब पाहा. टेक्सासच्या एखाद्या शहरात ४० डॉलरची पेटी घेतली तर करमाफीनं वाचतात ३ डॉलर ३० सेंट. ३०० डॉलरच्या पेटीवर २४ डॉलर ७५ सेंट. १,२०० डॉलरच्या तिजोरीवर ९९ डॉलर. म्हणजे ज्याची ऐपत मोठी त्याची बचत मोठी. आणि जी बाई दोन नोकऱ्या करून भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, तिला चाळीस डॉलरच्या पेटीवर एका कॉफीचेही पैसे सुटत नाहीत. फुकट मिळणाऱ्या तारेच्या कुलपावर तर कर माफ होऊन काहीच वाचत नाही.

मग उपयोग काय?

उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. कुलूप ही साधी वस्तू आहे, पण तिचं काम मोठं आहे. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षं वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदूक हे आहे; मोटार-अपघातसुद्धा मागे पडले. २०१५ मध्ये केलेल्या एका देशव्यापी पाहणीवरून संशोधकांनी अंदाज काढला, की सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर असते. वाचून पोटात कालवतं.

२००५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात चार सवयी तपासल्या होत्या: बंदूक कुलपात ठेवणं, बंदूक रिकामी ठेवणं, गोळ्या कुलपात ठेवणं, आणि गोळ्या बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवणं. या चारांतली प्रत्येक सवय ज्या घरांत होती, तिथे मुलांचे अपघात आणि आत्मघात कमी आढळले. आत्मघाताचा उल्लेख मुद्दाम करते. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक मृत्यू हे स्वतःच्या हातानं ओढवलेले असतात. परीक्षेत नापास झालेला, मैत्रीत दुखावलेला सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्या मनातला तो काळा क्षण बहुधा ओसरणारा असतो. कुलूप तो क्षण ओसरेपर्यंतचा वेळ मिळवून देतं. घरातलं कुलूप नेहमी चोरासाठीच असतं असं थोडंच आहे!

पण कुलूप विकत घेणं आणि कुलूप लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००५ च्या केंद्रीय कायद्यानं अमेरिकेतल्या परवानाधारक दुकानदाराला पिस्तूल विकताना त्याच्याबरोबर कुलूप किंवा सुरक्षित ठेवण्याचं साधन द्यावंच लागतं. बंदूक-उद्योगाच्या संघटनेनंही आजवर कोट्यवधी कुलपं फुकट वाटली आहेत. म्हणजे कुलपाची टंचाई अशी नाहीच. ३० नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत पंधरा वर्षांच्या एका मुलानं गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले. ते पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी आणलं होतं. पुढे खटल्यात पुरावा आला, की पिस्तुलाबरोबर मिळालेलं तारेचं कुलूप प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडताच पडलं होतं. २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून किमान दहा वर्षांची शिक्षा झाली.

ते कुलूप फुकटचं होतं. त्याच्यावर कर किती, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न पिशवी फाडण्याचा होता.

संशोधकांनी असंही पाहिलं आहे, की डॉक्टरनं नुसता उपदेश करून फारसा फरक पडत नाही. पण समजावून सांगताना त्याच वेळी हातात कुलूप दिलं तर माणसं ते वापरण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे पोलिओचा डोस दारात येऊन पाजला तेव्हाच तो घराघरात पोचला, तसंच हे. त्यामुळे मला वाटतं, करमाफी ही दारावरची पाटी आहे. “कुलूप ही चैनीची वस्तू नाही, ती घरची गरज आहे,” एवढं ती सरकारच्या तोंडानं बोलते. एवढं बोलणंही थोडं नव्हे. पण पाटी वाचून कुणी आत जाईलच असं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. टेक्सासमध्ये बंदुकीची तिजोरी करमुक्त झाली २०२१ मध्ये. सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर करमुक्त व्हायला १ सप्टेंबर २०२३ उजाडला. ऑस्टिनच्या आमदार डॉना हॉवर्ड त्यासाठी अनेक वर्षं खटपट करत होत्या. गंमत अशी, की कुलपाचं विधेयक आणि पॅडचं विधेयक, ही दोन्ही तिथल्या सिनेटमध्ये मांडली ती एकाच बाईंनी, ह्यूस्टनच्या जोन हफमन यांनी. कोण आधी, कोण मागून, याचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा. बायकांच्या गरजा रांगेत नेहमी मागे उभ्या असतात, मग ती रांग मंत्रालयापुढची असो की ऑस्टिनमधली.

मूल शेजारी खेळायला जातं तेव्हा

माझी धाकटी नणंद सात वर्षं ह्यूस्टनजवळ राहते. तिचा मुलगा पहिलीत गेला तेव्हा वर्गातल्या मित्राकडून खेळायला येण्याचं बोलावणं आलं. ती मला फोनवर म्हणाली, “वहिनी, विचारायचं कसं गं? त्यांना वाटेल, ही आमच्यावर संशय घेतेय.” मी म्हटलं, “अगं, आपण नाही का विचारत, कुत्रा बांधलेला आहे ना, विहिरीला कठडा आहे ना? तसंच विचार.” तिनं विचारलं. पलीकडची आई जराही रागावली नाही. म्हणाली, “नवऱ्याच्या दोन आहेत, तिजोरीत असतात, आकडा फक्त त्याला माहीत आहे. बरं झालं विचारलंस. तुमच्याकडे आहे का?” तो उलटा प्रश्न ऐकून नणंदेला आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं.

हा प्रश्न विचारायची तिकडे रीतच पडावी म्हणून २००० सालापासून बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या साथीनं एक मोहीम चालते. दरवर्षी २१ जूनला, म्हणजे उन्हाळी सुटीत मुलं एकमेकांकडे जायला लागतात तेव्हा, तिची पुन्हा आठवण करून दिली जाते. मोहिमेचं सांगणं एका वाक्याचं आहे: माझं मूल जिथे खेळतं त्या घरात कुलपाबाहेर बंदूक आहे का?

ज्यांची माणसं तिकडे आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवते. पत्रात कळवा, फोनवर सांगा, नाहीतर स्वतः जाल तेव्हा ध्यानात ठेवा.

१. मूल कुणाकडे खेळायला किंवा राहायला जाणार असेल तर आधी विचारा. ॲलर्जी, कुत्रा, पोहण्याचा तलाव यांच्याबरोबर बंदुकीचंही विचारा. म्हणजे कुणाला टोचत नाही. उत्तर समाधानाचं नसेल तर भांडू नका. “मुलांना आमच्याकडेच खेळू द्या, मी पोहे करते,” म्हणा.

२. “वर कपाटात आहे, त्याचा हात पोचत नाही,” हे उत्तर पुरेसं मानू नका. लाडवाचा डबा कितीही वर ठेवा, खुर्ची ओढून मूल तिथवर कसं पोचतं हे आपल्याला का सांगायला हवं?

३. तिकडे काही भारतीय घरांतही आता बंदूक आली आहे, असं नणंद सांगते. आपल्या घरात असेल तर चारही सवयी पाळा: बंदूक रिकामी, बंदूक कुलपात, गोळ्या वेगळ्या, गोळ्याही कुलपात. आणि एक खास बायकांच्या कामाची सूचना. बंदुकीच्या तिजोरीत दागिने आणि पासपोर्ट ठेवू नका. जागा मोठी आहे, पक्की आहे, म्हणून मोह होतो. पण एकदा मंगळसूत्र आणि पासपोर्ट त्यात गेले, की प्रत्येकाला ती उघडायचं कारण मिळतं. मग आकडा नवऱ्याला माहीत, बायकोला माहीत, आजीला माहीत, आणि शेवटी पोरालाही माहीत. आकडा म्हणून मुलाची जन्मतारीख ठेवली असेल तर बोलायलाच नको.

४. खरेदीला जाण्याआधी आपल्या राज्यात कर माफ आहे का, आणि कोणत्या वस्तूवर, ते राज्याच्या महसूल खात्याकडून पाहून घ्यावं; मिशिगनसारखी मुदतीची माफी संपूनही जाते. मात्र कर माफ नाही म्हणून खरेदी लांबवू नये. पोलीस ठाण्यात किंवा आरोग्य खात्यात तारेची कुलपं पुष्कळ ठिकाणी फुकट मिळतात, तिथे आधी विचारावं.

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती घरातली भरलेली बंदूक लागली, तर ती निष्काळजीपणे ठेवणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर तुरुंगही होऊ शकतो. म्हणजे कुलूप घेताना सरकार सव्वाआठ टक्के सोडतं, पण ते न लावल्याची किंमत वसूल केल्याशिवाय राहत नाही. अर्थात आईनं मोजलेली किंमत कुठल्या कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नसते.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात नाही, आणि त्याबद्दल आपण समाधान मानायला हरकत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना असला तरी सामान्य माणसाला दोनांहून जास्त ठेवता येत नाहीत. तरीही माजी सैनिकाच्या, बँकेच्या रखवालदाराच्या घरी, किंवा कोकणात डुकरा-माकडांपासून शेती राखणाऱ्याच्या पडवीत बंदूक असतेच. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, आणि नंतर पुन्हा घरी येऊन खुंटीला लागते. अशा घरांतल्या बहिणींनी वरच्या चार सवयींना अमेरिकेच्या म्हणून बाजूला सारू नये.

करमाफीचं स्वागतच करू या. पैसे कमी पडतात म्हणून एकाही घरातलं कुलूप राहून गेलं नाही, तर ते चांगलंच आहे. पण तिजोरी आणून देणं एवढंच सरकारच्या हातात असतं. रात्री झोपण्यापूर्वी गॅस बंद केला का, मागचं दार लावलं का, हे जसं आपण उठून पाहतो, तसं तिकडच्या आईनं आणखी एक दार ओढून पाहायचं आहे, आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारायचं आहे. त्या विचारण्यावर कुठल्याच राज्यात कर नाही.